पंप गेला नव्हता : कवळ्यातल्या एका गालिचा-मशीनचं प्रकरण

"आवाज करता, पूण उदक मारिना." चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंचवीस दिवस उरले असताना कवळे गावातून काकांचा फोन आला, आणि तक्रार एवढ्या पाच शब्दांत संपली. मशीन गालिचा धुण्याचं होतं. फोंड्यात मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप आणि वॉशिंग मशीनं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. गालिचा-मशीनं या हाताखालून जेमतेम पाच-सहा गेली असतील. म्हणून हे प्रकरण टिपून ठेवलं. त्यात मी एक चूक केली, तीही लिहितो.

गोव्यात गालिचा कशाला, असं कुणी विचारेल. आमच्याकडे लादी थंड, हवा दमट, आणि पायांना लागून तांबडी माती घरात येते. पण काका बावीस वर्षं कुवेतला होते. येताना बारा फुटी तुर्की गालिचा आणि तो धुण्याचं मशीन, दोन्ही घेऊन आले. वर्षभर गालिचा गुंडाळून माळ्यावर असतो. चवथीला तो वसरीत, म्हणजे ओसरीत, माटोळीसमोर (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडवीसमोर) अंथरायचा आणि त्यावर आरतीची मंडळी घुमटं, म्हणजे मातीची तालवाद्यं, घेऊन बसायची, असा त्यांच्या घरचा नेम. भर पावसात अनवाणी आलेली चाळीस माणसं त्यावर बसून उठली की गालिच्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

काकांकडे आधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने मीटर लावून निदान केलं होतं : पंप गेला, बाहेरून मागवावा लागेल, साडेतीन हजार. काका म्हणाले, "तू एकदा बघ, मग मागवतो."

मशीन काय करतं, ते आधी थोडक्यात. पुष्कळ जण याला व्हॅक्यूम क्लीनर समजतात, पण इथे एका खोक्यात तीन वाटा आहेत. पाण्याची वाट : स्वच्छ पाण्याची टाकी, तिच्या तळाची झडप, जाळी, नळी, छोटा पंप, आणि खाली गालिच्यावर फवारा मारणारी नोझल. हवेची वाट : जमिनीलगतचं रुंद तोंड, गळा, घाण पाण्याची टाकी, त्यातला तरंगणारा फ्लोट, आणि शेवटी पंखा. तिसरी विजेची वाट या दोघींना जागं करते. ब्रश मध्येच पट्ट्यावर फिरतो. त्याचं इथे फारसं दुखणं नव्हतं. टोकांना गुंडाळलेले केस आणि लाल दोरे कात्रीने काढले, एवढंच.

कुवेतचं मशीन इथे चालतं, कारण तिथे वीज 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. अमेरिकेहून कुणी असं मशीन आणलं तर ते 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत, आणि थरथरणारा पंप त्या आकड्यावरच बेतलेला असतो. भाच्याने पाठवलेली अशी दोन मशीनं मी परत पाठवली आहेत. काकांच्या मशीनला जाड ब्रिटिश प्लग होता आणि तो रस्त्यावरच्या तीस रुपयांच्या ॲडॉप्टरमध्ये खोचलेला. ॲडॉप्टर एका बाजूने तपकिरी झाला होता. तो आधी फेकला आणि नीट इंडियन प्लग बसवला. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण होती, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचं, दोन तारांचं. अर्थिंगची तार त्यात मुळात नसते. तरी पाण्याचं यंत्र आहे, म्हणून वसरीतलं सॉकेट आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) आहे की नाही ते बघून घेतलं. होतं.

काकी बोलल्या तेव्हा

गिऱ्हाइकाला मी "काय झालं" असं विचारत नाही, "आधी काय झालं" असं विचारतो. काकांना आजचं माहीत होतं, काकींना सगळं माहीत होतं.

पाणी न मारणं हे यंदाचं दुखणं. गेल्या वर्षी दुखणं उलटं होतं : पाणी भरपूर मारायचं, पण ओढून घ्यायचं नाही. गालिचा चार दिवस ओला राहिला आणि त्याला कुबट वास यायला लागला. वास जावा म्हणून काकींनी पुढच्या खेपेला कपड्यांची पावडर जास्त घातली. मग टाकी अर्धीसुद्धा भरत नव्हती, तोच मशीन "किंचाळायला" लागायचं. मळ निघत नाही म्हणून एकदा चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं. शेवटी वैतागून मशीन जसं होतं तसं, टाकीत पाणी असताना, कोठीत ढकललं. दहा महिने.

या चार वाक्यांत अर्धं निदान होतं. उरलेलं अर्धं विहिरीत होतं, ते मला नंतर कळलं.

हवेची वाट

पंप बाजूला ठेवून मी आधी ओढण्याकडे वळलो. गालिच्याचा एक जुना तुकडा अंगणात पसरून त्यावर मोजून एक लिटर पाणी ओतलं आणि मशीन चारदा फिरवलं. टाकीत आलं 300 मिली. हा आकडा खडूने भिंतीवर लिहिला. दुरुस्तीआधीचा आकडा हाताशी नसेल, तर दुरुस्तीनंतर "बरं वाटतंय" याच्यापलीकडे काही सांगता येत नाही.

मग कान. व्हॅक्यूमच्या मोटरची एक गंमत आहे. तिची वाट तुंबली की आवाज बारीक, तीक्ष्ण होतो. लोकांना वाटतं मोटरवर ताण आला. खरं तर उलटं : ढकलायला हवाच नाही, म्हणून पंख्यावरचा भार उतरतो आणि तो जास्त वेगाने फिरतो. काकींचं "किंचाळणं" तेच होतं. पावडरीच्या फेसाने फ्लोट उचलला जायचा आणि टाकी भरलेली नसताना हवेचं दार बंद व्हायचं.

आज मात्र आवाज तीक्ष्ण नव्हता. भरदार, नेहमीसारखा होता, आणि तरी ओढ नाही. याचा अर्थ पंख्याला हवा मिळतेय, पण जमिनीकडून नाही. मी घाण टाकीच्या झाकणावर दोन्ही तळवे ठेवून दाबलं आणि त्याच क्षणी आवाज चढला. ते ऐकून मी हसलो. झाकणाची फट बंद झाली तेव्हाच कळलं, की पुढे गळ्यातही वाट तुंबलेली आहे. फट होती म्हणून तुंबण्याचा आवाज येत नव्हता. एक बिघाड दुसऱ्याला पाठीशी घालत होता.

फट उकळत्या पाण्याची देणगी. तेव्हा तापून फुगलेलं मशीन उघडताना घाण टाकीची कड किंचित वाकली होती आणि रबराचं गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडलं होतं. असल्या मशीनला नळाचं गरम पाणी चालतं, हात बुडवता येईल इतकं, उकळतं नाही. वाकलेलं प्लास्टिक सरळ होत नाही. म्हणून गाडीच्या दाराला लावतात ती मऊ रबराची बीडिंग पट्टी आणून गॅस्केटखाली चिकटवली. गळ्यातून जो गोळा निघाला त्यात कुत्र्याचे केस, माती, एक दूर्वांची जुडी आणि तांदळाचे दाणे होते. गणपतीची सामग्री. काकींनी तो बघून तोंड फिरवलं.

भिंतीवर दुसरा आकडा : 700 मिली. गालिच्यात थोडं पाणी राहणारच. लिटरभर परत येण्याची अपेक्षा कुणी धरू नये.

माझी चूक

आता पाणी. चालू केलं, दांड्याचा घोडा, म्हणजे पाणी सोडायची कळ, ओढला. पंपाची घरघर नाही. पंप घरघरतो पण पाणी येत नाही, तर दोष पाण्याच्या वाटेत. घरघरतच नाही, तर विजेच्या वाटेत, हा साधा नियम. प्लग काढला, पंपाच्या दोन तारा सोडवल्या, मीटर ओमवर लावून टोकं टेकवली. ओपन, म्हणजे विजेला वाट नाही. टोकं उलटी केली, तरी ओपन. म्हणजे कॉइल तुटली. आधीच्या मेकॅनिकनेही हेच पाहिलं होतं. दोन मीटरांचं एकमत झाल्यावर माणूस काय बोलणार! मी काकांना सांगून टाकलं, मागवा.

घरी आल्यावर रात्री मोबाइलवर पंपाचा फोटो बघत होतो, मागवायला नंबर हवा होता. लेबलच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह होतं : त्रिकोण आणि त्याच्या टोकाला आडवी रेघ. डायोड.

हे थरथरणारे पंप असे चालतात : कॉइलमध्ये लोखंडी दट्ट्या, मागे स्प्रिंग. विजेच्या लाटेचा एक अर्धा भाग कॉइलला मिळाला की दट्ट्या खेचला जातो. दुसरा अर्धा भाग अडवला की स्प्रिंग त्याला परत ढकलते. सेकंदाला पन्नास वेळा. अर्धी लाट अडवण्यासाठी आत डायोड असतो. डायोड एका दिशेने वीज जाऊ देतो, तेही थोडा दाब दिल्यावर. साध्या मीटरचा ओमवरचा दाब पुष्कळदा इतका कमी असतो की डायोड उघडतच नाही. पंप ठणठणीत असला तरी मीटर दोन्हीकडून ओपन दाखवतं. मीटर खोटं बोललं नव्हतं. प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

सकाळी दुकान उघडण्याआधी काकांना फोन करून मागणी थांबवली. त्यांनी अजून पैसे भरले नव्हते. काकांचा आळस कधीकधी कामाला येतो.

दुसऱ्या फेरीला खिशात 9 व्होल्टची बॅटरी नेली. मीटर मिलिॲम्पिअरवर, बॅटरी, पंप, सगळं एका ओळीत जोडलं. एका बाजूने काही नाही. बॅटरी उलटी केली, मीटरवर आकडा आला. म्हणजे कॉइल शाबूत, डायोडही शाबूत. पंपाला चिकटलेला छोटा थर्मल कटऑफ पाहिला. पंप कोरडा चालून तापला तर तोच उडतो. तोही ठीक. पंपापर्यंत वीज पोचते का, हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. उघड्या मशीनमध्ये, बाजूला पाणी असताना, चालू विजेवर मीटर लावायचा कंटाळा केला आणि सोपा रस्ता धरला. निदान प्लग काढून स्विचची सलगता तरी तपासता आली असती.

दांडा उघडला. घोड्याखाली एक मायक्रोस्विच होता, दाबला की टिक् असा आवाज करणारा. टिक् होत होतं, पण टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि दाबल्यावरही मीटर ओपन. साबणाचे ओले हात, दमट कोठी, दहा महिने. तांब्याने दुसरं काय करायचं? त्याच मापाचा, 5 ॲम्पिअरचा, लांब पात्याचा स्विच फोंड्याच्या बाजारात 40 रुपयांना मिळाला.

साडेतीन हजारांच्या पंपाची ही गोष्ट. पण संपली नव्हती.

विहीर

नवा स्विच बसवला, घोडा ओढला, पंप घरघरला. काका टाळ्या वाजवायला उभे, आणि फवारा शून्य. इथेही तेच : विजेच्या बिघाडामागे पाण्याचा बिघाड दडून बसला होता. पंप मुका होता तोवर तो दिसायला वाव नव्हता.

पंपाची पुढची नळी सोडवून मगमध्ये धरली. थेंब नाही. म्हणजे अडथळा नोझलमध्ये असेल-नसेल, पंपाच्या अलीकडे तर आहेच. टाकी उपडी केली. तळाच्या झडपेवर तपकिरी, गुळगुळीत गाळ होता, बोटाला लावला तर गेरूसारखा. जाळी त्यानेच लिंपलेली.

"पाणी कुठलं घालता?"

"बायचं," काकी म्हणाल्या. विहिरीचं. नळाचं पाणी स्वयंपाकाला, विहिरीचं बाकी सगळ्याला, हा आमच्याकडचा जुना हिशेब.

जांभा म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्या थरातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं आणि उपसताना पाणी अगदी नितळ दिसतं. हवा लागली की तेच लोह गंजून लाल होतं आणि खाली बसतं. दहा महिने टाकीत उभं राहिलेलं पाणी, म्हणजे गाळाला पुरेसा वेळ. मी काचेच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून खिडकीत ठेवलं, झाकण न लावता. दुसऱ्या दिवशी तळाला लाल पट्टा आला. काकांना हे पटवायला मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

गाळ काढायला मी सायट्रिक ॲसिड वापरतो, लोक ज्याला लिंबाची फुलं म्हणतात ते. कोमट लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे. व्हिनेगर क्षारांवर चालतं, लोहाच्या गंजावर सायट्रिक जास्त चांगलं. आपल्याकडचं माडाचं विनागर मात्र घालू नये, त्याचाच गाळ बसेल. आजी तांब्याचा हंडा बिमलांनी, त्या आंबट फळांनी, घासायची. रसायन तेच, फक्त बिमलं मशीनमध्ये जात नाहीत. आणि ब्लीच यात कधीच मिसळू नका, ॲसिडबरोबर त्यातून विषारी वायू सुटतो. काकींच्या न्हाणीत ब्लीचची बाटली शेजारीच होती, ती मी उचलून बाहेर ठेवली.

झडप आणि जाळी त्यात भिजवली. पंपात हेच पाणी घेण्यासाठी आधी हवा काढावी लागली : नळीच्या टोकाला औषधाची मोठी सिरिंज लावून ओढलं, पाणी सिरिंजमध्ये आलं, मग पंपाने स्वतः धरलं. अर्धा तास आत ठेवलं, घोडा अधूनमधून ओढत राहिलो, मग साध्या पाण्याने तीनदा धुतलं. पहिलं धुवण चहासारखं आलं.

फवारा सुरू झाला, पण एकाच बाजूने. नोझलचं भोक सुईने टोकरायचा मोह प्रत्येकाला होतो. मला पूर्वी झाला होता आणि तेव्हापासून त्या गिऱ्हाइकाचं मशीन पंख्यासारखा फवारा मारायच्या जागी पिचकारी मारतं. भोकाची कड एवढी नाजूक असते. नोझल रात्रभर त्याच पाण्यात ठेवली आणि सकाळी मऊ टूथब्रश फिरवला. पट्टा सरळ आला.

गालिच्यावरचे डाग

मशीन चालू लागल्यावर काकींनी एक जुना राग काढला. गेल्या वर्षी धुतल्यावर गालिच्यावर तपकिरी ढग उमटले, मशीनने घाण परत सोडली म्हणून. मी गालिचा उलटा केला. पाठीला ज्यूट. ज्यूट खूप वेळ ओला राहिला की त्याचा तपकिरी रंग पाण्याबरोबर धाग्यांतून वर चढतो आणि वाळताना टोकांवर बसतो. मशीन यात दोषी होतंच, पण घाण सोडून नव्हे. पाणी न ओढून. म्हणून 300 आणि 700 या दोन आकड्यांना मी इतकं महत्त्व देतो.

यंदा काय करायचं यावर घरात वाद झाला. काकांचं म्हणणं, मशीन दुरुस्त झालं, तर चवथीआधी धुऊन टाकू. ऑगस्टच्या हवेत बारा फुटी ज्यूटचा गालिचा दोन पंख्यांखालीसुद्धा वेळेत वाळेल याची खात्री मी दिली नाही. काकींनी निकाल दिला : आता फक्त जिथे मळ आहे तिथे, नळाच्या पाण्याने, पावडरीऐवजी कमी फेसाचा शॅम्पू, आणि घोडा सोडून कोरड्या दोन फेऱ्या जास्त. पूर्ण धुणं डिसेंबरात, अंगणातल्या उन्हात.

हिशेब : स्विच 40, बीडिंग 60, सायट्रिक 30, प्लग 50, माझी मजुरी 500. पहिल्या फेरीची मजुरी मी लावली नाही.

चवथीच्या दुसऱ्या दिवशीच्या आरतीला मी गेलो होतो. गालिचा माटोळीखाली होता, ढग फिके दिसत होते, घुमटं त्यावर ठेवलेली. कोठीत मशीन उभं होतं, दोन्ही टाक्या काढून भिंतीला उपड्या टेकवलेल्या. एक गोष्ट मात्र जमली नाही. गाळाने झडपेची बैठक थोडी खरवडली गेली आहे, त्यामुळे टाकी चढवलेली असताना घोडा सोडल्यावर नोझलमधून दहा-बारा थेंब गळतात. ती झडप सुटी मिळते का ते मी शोधतोय. तोवर काकींनी वापर झाला की नोझलखाली एक करवंटी ठेवायला सुरुवात केली आहे.